ताटाभोवतीच्या सह्या

अण्णा, आज रविवार, आबिड्सची दुकानं बंद, म्हणून मी सकाळची घरी आहे. तुमचे जावई पिशवी घेऊन भाजीला गेलेत. चिक्कडपल्लीच्या बाजारात शिरले की प्रत्येक वांगं उलटंपालटं करून बघतात, तासभर काही येत नाहीत. तुमची नात अजून लोळते आहे. मी स्वयंपाकघरात बसले आहे, त्याच हिरव्या स्टुलावर, जो तुम्ही कारखान्यातल्या भंगार पत्र्यातून जोडून, स्वतः रंगवून आईसाठी आणला होता. ओट्यापाशी उभं राहून भाकरी करताना तिच्या पोटऱ्या दुखायच्या, म्हणून. स्टुलाचा एक पाय अजूनही जरा आखूड आहे बरं का. चाळीस वर्षं आम्ही त्याखाली पुठ्ठ्याची घडी सारतो आहोत आणि तुम्हाला नावं ठेवतो आहोत. समोर आईचं पितळी ताट पालथं पडलं आहे आणि त्याच्या बाजूला एक कागद आहे, त्यावर गोलात एकतीस सह्या आहेत. त्या गोलातली नावं आता मला सरळ रांगेत उतरवायची आहेत. तुम्ही हसाल. पुन्हा तेच काम, पुन्हा मीच, आणि उद्या सोमवारी ते कागद सरकारी कचेरीत द्यायचे आहेत.

आधी माझं सांगते, म्हणजे तुम्हाला अंदाज येईल. तुम्ही गेलात तेव्हा मी त्या साड्यांच्या दुकानात साधी सेल्सगर्ल होते. आता तीन मजले झालेत, एसी आहे, लिफ्ट आहे आणि दुसऱ्या मजल्याची मी इनचार्ज आहे. तेलुगू गिऱ्हाईक आलं की तेलुगू, जुन्या शहरातल्या बेगमा आल्या की त्यांची बोली, आपली मराठी माणसं आली की मराठी, असा दिवसभर तोंडाचा पट्टा चालू असतो. मला कोणी हरवत नाही, अण्णा. नुसती बघायला आलेली बाई चार साड्या घेऊन खाली उतरते. शेठही ते जाणून आहे. पण दुकानात एक नियम आहे. गिऱ्हाईक असो नसो, बायांनी उभं राहायचं. सकाळी शटर वर गेल्यापासून दिवे मालवेपर्यंत. रॅकला टेकायचं नाही, साड्यांच्या खोक्यावर बूड टेकायचं नाही. वर कॅमेरा आहे, आणि कोणी टेकलं की मॅनेजर माइकवरून सगळ्यांना ऐकू जाईल असं ओरडतो, “सेकंड फ्लोअर, सीधे खडे रहो.” लहान पोरी आहेत हो. संध्याकाळी चपलेचे पट्टे सैल करून बसस्टॉपपर्यंत जातात, इतके पाय सुजतात. बाथरूमला जायचं तर मला विचारून जायचं. सगळ्या मजल्यावर खुर्ची एकच आहे, बिलाच्या टेबलाशी, आणि ती माझी आहे. नऊ वर्षं मी त्या खुर्चीवर बसून त्यांना सांगते आहे, ऊठ गं, कॅमेरा आहे.

दोन महिन्यांमागे कॉटनच्या काउंटरवरची एक पोरगी अशीच खोक्यावर बसली. सहावा महिना चालू होता तिला. मी नेहमीच्या सवयीने म्हटलं, ऊठ गं. ती उठली. तेवढ्यात माइकवरून मॅनेजरनं तिला खाली बोलावलं आणि तासभर दारात उभं केलं, गिऱ्हाइकांना नमस्ते करायला, शिक्षा म्हणून. संध्याकाळी जिन्यात ती मला म्हणाली, “अक्का, तुम्ही चांगल्या आहात, म्हणून तुमच्यावर जास्त राग येतो.” तेलुगूत म्हणाली, पण मला मराठीत लागलं. घरी येऊन या स्टुलावर बसले आणि आई आठवली, तुम्ही आठवलात, आणि माझी मलाच इतकी लाज वाटली की जेवण गेलं नाही.

तीच पोरगी आता बसायला स्टुलं मागणाऱ्या आमच्या अर्जात सगळ्यांच्या पुढे आहे. पोरींनी फोनवर ग्रुप केला, आणि त्या ग्रुपची प्रमुख कोण व्हायचं यावर तीन दिवस घोळ घातला. जी होईल तिचं नाव सगळ्यांत वर दिसणार, म्हणून कुणी तयार होईना. मला ते ऐकून हसू आलं. मग मी त्यांना ताटाची गोष्ट सांगितली.

तुम्हाला ती गोष्ट मी सांगायची म्हणजे कमालच, पण सांगते, कारण माझ्या बाजूने तुम्ही ती कधी ऐकली नाहीत. आझमाबादच्या त्या लोखंडी कपाटांच्या कारखान्यात तुम्ही रंगखात्यात होतात. फवाऱ्याने रंग मारायचं काम, खोलीला एक खिडकी, तोंडाला स्वतःचाच रुमाल. घरी येऊन तुम्ही नाक शिंकरलंत की रुमालावर हिरवं. लहानपणी मला वाटायचं, सगळ्यांच्या वडिलांच्या नाकातून त्यांच्या कामाचा रंग येतो. तुम्ही एकदा मास्क आणि हवा बाहेर काढायचा पंखा मागणारा अर्ज केलात, तुमचं नाव पहिलं होतं, आणि मॅनेजरने बरोबर पहिल्या नावाला धरलं. तीन महिने घरी बसवलं तुम्हाला. त्या दिवसांत आई रोज सकाळी तुमचा डबा भरायची आणि दुपारी तुम्ही तोच डबा घरी बसून खायचात, शेजारच्यांना कळू नये म्हणून. युनियनने भांडून परत घेतलं, पण मास्क काही आले नाहीत.

दुसऱ्या वेळी अर्ज करायची वेळ आली तेव्हा रंगखात्याचे सतरा जण आपल्याच घरी जमले. असाच रविवार होता. पहिली सही कोणी करायची यावर सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघत बसले. आई चहा घेऊन आली, तिने पाहिलं, आणि भिंतीला टेकवलेलं हेच ताट आणून कागदावर पालथं घातलं. म्हणाली, “रांगेत बसलं की पहिला कोण दिसतोच की ओ. गोल बसा.” ताटाभोवती पेन्सिल फिरवली आणि रेघेवर सगळ्यांनी गोलात सह्या केल्या. तेलुगूत, उर्दूत, तुमची मोडकी मराठी, दोघांचे अंगठे. सहीखाली प्रत्येकाने आपला टोकन नंबर लिहिला. कडेचा हा पोचा आहे ना, तिथे रेघ जरा आत गेली होती. तुम्ही तिथे सही केलीत, आणि तुमच्या शेजारी चाचांनी.

चाचा मलकपेठहून सायकलवर यायचे, रेसकोर्सच्या बाजूने. फवारा मारताना तुम्ही दोघं एकाच कपाटाच्या दोन अंगांना, चहाला एकाच बाकावर, आणि सही करतानाही शेजारी. सीताफळाच्या दिवसांत ते सायकलच्या कॅरिअरला टोपली बांधून आणायचे आणि मला म्हणायचे, “बेटी, बिया गिनके थूक, झाड उगेगा पेट में.” मी खरंच मोजायची. तुम्हाला सगळा कारखाना अण्णा म्हणायचा, तेलुगूतला थोरला भाऊ म्हणून, आणि चाचाही अण्णाच म्हणायचे, तुमच्याहून सहा वर्षांनी मोठे असून.

तो गोल कागद घेऊन तुम्ही सरकारी कचेरीत गेलात तर तिथला कारकून म्हणाला, “ये क्या मुग्गू डालके लाये?” रांगोळी काढून आणलीत की काय म्हणे! त्याला इंग्रजीत नावांची यादी हवी होती, एकाखाली एक, नंबर घालून. गोल चिकटवा हवं तर मागे. तुमचं शिक्षण निजामाच्या काळातलं, उर्दूतलं. मराठी घरी शिकलात, इंग्रजी अक्षरं काढायची म्हणजे तुमच्या कपाळाला घाम. मी अकरा वर्षांची, वर्गात अक्षराचं बक्षीस मिळालेली. तुम्ही गोल कागद, टोकन नंबरांची यादी आणि एक कोरा फुलस्केप माझ्यासमोर ठेवलात. मी विचारलं, कुठून सुरू करू? तुम्ही चप्पल घालता घालता म्हणालात, “कुठूनही कर. गोलाला सुरुवात नसते. पण क्रम मोडू नको, कोणी ताडून बघितलं तर जुळलं पाहिजे.” आणि तुम्ही युनियनच्या कचेरीत निघून गेलात. तासाभराने आलात, घाईत होतात, कागदाची घडी घालून खिशात टाकलीत आणि गेलात. मी तुमच्याकडे बघत होते. तुम्ही कागद वाचला नाहीत.

एक नंबरला चाचांचं नाव होतं. सतराव्या नंबरला तुमचं. अर्जाची एक प्रत कारखान्यात गेली आणि आठवड्याच्या आत चाचांना गेटवर थांबवलं. इतरांना चिथावलं म्हणून सस्पेंड.

त्या संध्याकाळी तुम्ही मला रागावला नाहीत, हेच मला सहन झालं नाही. नुसतं विचारलंत, चाचांपासून का सुरू केलंस? मी म्हटलं, चाचा मला आवडतात, सीताफळं आणतात, म्हणून. तुम्ही म्हणालात, “नाव आवडीने लिहायचं नसतं गं, जपून लिहायचं असतं.” आयुष्यभरात तुमची मी खाल्लेली एवढीच काय ती बोलणी.

पुढच्या रविवारी चाचा स्वतःच आले. हातात टोपली, त्यांच्या त्या दिवसांतही. बाकावर बसले आणि सरळ विचारलं, “अण्णा, लिस्ट किसने लिखी?” मी दाराशी उभी. तुम्ही म्हणालात, “मैं लिख्या.” तुम्ही, ज्यांना इंग्रजी बी आणि डी यातला फरक दर वेळी मला विचारावा लागायचा! चाचांनी तुमच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. “हौ,” म्हणाले, “तुमिच लिखे हुंगे. कित्ता सुंदर अक्षर निकला तुमारा!” आणि टोपली माझ्या हातात दिली. तुम्ही दोघांनी मिळून मला झाकलंत. त्यानंतर जन्मभर एकच चेष्टा करायचे, मी परीक्षेत पहिली आले की, “इसकू पहिले नंबर की आदतच है, मेरा भी इसनेच लगाई.” सगळे हसायचे, मीही हसायची, आणि आत जाऊन उगाच पाणी प्यायची.

सात महिने चाचा घरी होते. आणि अण्णा, ते सात महिने आठवले की मला कुणी युनियनला नावं ठेवली तर मी त्याच्या अंगावर जाते. रंगखात्याच्या सोळा घरांनी वार वाटून घेतले होते. मंगळवार आपला. आई भाकरी, अंबाडीची भाजी आणि ठेचा बांधून द्यायची आणि मी तुमच्या सायकलच्या पुढच्या दांडीवर बसून मलकपेठला डबा पोचवायला यायची. चाचींनी एकदा म्हटलं की हे कामावर जात होते तेव्हाही आमच्या घरात इतकी तऱ्हतऱ्हेची भाजी कधी नव्हती. युनियनचा वकील प्रत्येक तारखेला उभा राहिला. तपासणीला माणसं आली, उन्हाळ्यात रंगखात्यात पंखा बसला, मास्क आले, चाचा कामावर परत आले. फवाऱ्यावर नाही घेतलं त्यांना, गोदामात टाकलं, पण घेतलं. कोण्या एकट्या माणसाने हे केलं असतं? शक्यच नाही. तुम्ही एकटे मागत होतात तोवर घरी बसून डबा खात होतात.

पण मी पोरींना नुसतं एवढंच नाही सांगितलं. मागच्या रविवारी सगळ्या इथेच बसल्या होत्या, खाली चटईवर, पाय पसरून, काय सुख ते त्यांना! मी म्हटलं, दुसरी बाजूही ऐका आणि मग सही करा. चाचा परत आले तरी युनियनमध्ये कुजबुज सुरूच राहिली. अण्णाने स्वतःचं नाव शेवटी घातलं, दोस्ताला पुढे ढकललं. ज्यांच्यासाठी तुम्ही धडपडलात त्यांनीच पुढच्या निवडणुकीत तुम्हाला खात्याचा प्रतिनिधी होऊ दिलं नाही. हात वर करून मतं घेतली, तुमच्या बाजूने तीन हात. चाचा गोदामातून धावत आले होते, त्यातला एक त्यांचा. पुढे मॅनेजर तुम्हाला सुपरवायझर करतो म्हणाला तेव्हा तुम्ही नाही म्हणालात, कारण सुपरवायझर झालं की युनियन सोडावी लागते. आई आठ दिवस तुमच्याशी धड बोलली नाही. “ते तुम्हाला विचारत बी नाहीत आणि तुम्ही त्यांच्यापायी बढती सोडता, कामून?” खरं सांगू, मला अजूनही त्याचं उत्तर सापडलेलं नाही.

आणि तो वेल्डर. मोठ्या संपात तो एकटा आत गेला, बायको बाळंतपणात अडली होती, दवाखान्याला पैसा हवा होता. संप मिटला, पण त्याच्याशी कोणी चहा प्यायचा नाही असं ठरलं. तो बाकावर येऊन बसला की बाकीचे उठायचे. चार वर्षं! तुम्हीही उठत होतात, अण्णा. तुम्ही, मांजरीला दूध घातल्याशिवाय चहा न पिणारे. आई म्हणाली, “एका कपानं तुमची युनियन बुडती का ओ?” तुम्ही म्हणालात, ठरलंय ते ठरलंय. तुमचा एवढा अभिमान असून मला ते कधी पटलं नाही, आजही पटत नाही. पोरींना मी स्पष्ट बजावलं. कोणी घाबरून सही केली नाही, कोणी मधूनच मागे फिरली, तर तिच्या डब्यातलं खायचं थांबवायचं नाही. थांबवलंत तर मी पहिली बाहेर पडेन. आणि आबिड्सच्या दुकानांतल्या युनियनचा जो लीडर आपल्याला मदत करतो आहे, तो पहिल्या दिवशीच स्टुलांपेक्षा जास्त स्वतःच्या फोटोबद्दल बोलला, त्याच्यावरही डोळा ठेवा म्हटलं. कामचुकार कोणी आपल्या आडोशाला येऊन बसेल, तिलाही आपल्यालाच सांभाळावं लागेल. हे सगळं ऐकून एकतीस जणींनी सह्या केल्या. तीन जणी चहा पिऊन हसत हसत सही न करता गेल्या, त्यांना मी दारापर्यंत सोडायला गेले.

शेठबद्दलही खोटं बोलणार नाही. तुम्ही गेल्यावर आई वर्षभर अंथरुणाला खिळली होती तेव्हा त्याने मला रोज दुपारी बारानंतर यायची मुभा दिली होती. कोणत्या युनियनने दिलं नव्हतं ते. कालपरवा त्याला कुठून तरी वास लागला आणि मला केबिनमध्ये बोलावून म्हणाला, “बाई, तुम तो घर की हो. तुम्हारी तो कुर्सी है ना?” मला आधी गहिवरून आलं, मग राग आला, आणि मग डोक्यात लख्ख प्रकाश पडला. मेहेरबानी एकेकट्याने मागावी लागते आणि ती एकेकट्यालाच मिळते. माझी आई आजारी होती म्हणून मला मिळाली. त्या कॉटनच्या काउंटरवरच्या पोरीला सहाव्या महिन्यात खोकंही मिळालं नाही. मी म्हटलं, “शेठजी, आपके एहसान सर आँखों पर. लेकिन कुर्सी एक है, पैर बासठ हैं.” तो हसला नाही. सही केलीत तर इनचार्जपद जाईल, पुन्हा काउंटरला उभं राहावं लागेल, असं त्याने नीट समजावून सांगितलं. या वयात, या गुडघ्यांवर. मी रात्रभर तळमळले वगैरे काही नाही, मस्त झोपले. इतकी वर्षं बसून काढली, थोडं उभं राहू.

तर आता ही यादी. कचेरीला अजूनही रांगच लागते बघा, गोल चालत नाही. चाळीस वर्षांत मुग्गूचा मान काही वाढला नाही. पोरी म्हणाल्या, अक्का, फोनमध्ये टाकू, नावं ए-बी-सी-डीप्रमाणे आपोआप लागतात, म्हणजे कोणाचा दोष नको. लावून बघितली. पहिली आली ती तीन महिन्यांपूर्वी लागलेली पोरगी, अजून पक्की नाही, आणि तिच्या घरात कमावणारी ती एकटी. फोनला काय माहीत असणार हे? तिचा चेहरा उतरला. त्यावर कॉटनवाली म्हणाली, “अक्का, मुंदु मीरे पेट्टंडि.” तुम्हीच घाला आधी. मी म्हटलं, यादी मी हाताने लिहीन, कागद ठेवून जा.

कागद समोर आहे. यावेळी पोच्यापाशी मी सही केली आहे, तुमच्या जागेवर. आणि आता तुम्हाला ते सांगते, ज्यासाठी हे सगळं लिहायला घेतलं.

चाचा आवडत होते म्हणून मी त्यांचं नाव वर लिहिलं नव्हतं. त्या रविवारी सकाळी, सगळे यायच्या आधी, आई तुम्हाला म्हणाली होती, “या वेळेला तुमचं नाव वर नको ओ. ज्याचं वर त्याला धरतात.” मी पाटावर बसून पाढे लिहीत होते, मी ते ऐकलं. तुम्ही मला कुठूनही कर म्हणालात, क्रम मोडू नको म्हणालात, आणि मी गोलावर बोट फिरवून मोजलं. तुम्ही शेवटी यायला हवे असाल तर तुमच्या शेजारच्यापासून सुरू करायला हवं. तुमच्या शेजारी चाचा होते. ते चाचा आहेत हे मला दिसत होतं. मी दोनदा मोजलं, चूक होऊ नये म्हणून, आणि मग माझ्या बक्षिसाच्या अक्षरात त्यांचं नाव लिहिलं. तुम्ही पोर समजून मला झाकलंत, आणि लोक तुमच्याबद्दल जे बोलत होते, की यानेच दोस्ताला पुढे केलं, ते खरं होतं, फक्त केलं होतं मी. तुमच्या बाजूने वर झालेले ते तीन हात मला अजून दिसतात. मी उभं राहून सांगितलं असतं तर जास्त झाले असते.

एक नंबरला माझं नाव लिहून झालं आहे. अक्षर अजून चांगलं येतं. आज गोल उलट्या बाजूने घेतला आहे, म्हणजे ती नवी पोरगी अठ्ठाविसावी येते. कोणी ताडून बघितलं तरी क्रम बरोबर जुळेल.

खाली गेटचा आवाज आला, जावई आले वाटतं. हे पत्र मी घडी करून स्टुलाच्या त्या आखूड पायाखाली सारते, जुना पुठ्ठा तसाही झिजला आहे. तुमच्या नातीला सापडलं तरी मराठी अक्षर लावत बसायचा तिला धीर नाही. पाठवायला पत्ता नाही म्हणून राहिलं, असं मी शेवटी लिहिणार होते. पण त्या यादीनंतर बावीस वर्षं तुम्ही याच स्वयंपाकघरात, याच ताटात माझ्यासमोर जेवत होतात, आणि तेव्हाही मी सांगितलं नाही.